हमारी बाई

बाईंना मागच्या खोलीत बसवून सुहासिनीने दार ओढून घेतलं, आणि बाई लगेच ते उघडून बाहेर आल्या.

"वर्ग सुरू झालाय," त्या म्हणाल्या, "आणि मला कोंडून कशाला ठेवतेस?"

सुहासिनीने कपाळाला हात लावला. दिल्लीजवळच्या इंदिरापुरममधल्या तिच्या छोट्याशा वृद्धाश्रमात आज तपासणी होती. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. हे नवे नियम मात्र थांबायचं नाव घेत नव्हते. एक परिपत्रक यायचं, त्यावर खुलासा यायचा, मग खुलाशावर खुलासा. त्या सगळ्यातून तिला एवढंच नीट कळलं होतं, की ज्यांची स्मरणशक्ती गेली आहे त्यांना आता रात्रंदिवस नर्स असलेल्या केंद्रातच ठेवता येईल. तिच्याकडे तशी नर्स नव्हती, शोधूनही मिळत नव्हती. केंद्र होतं ते पार सोनीपतच्या पुढे, आणि तिथे बाईंशी मराठीत बोलायला चिटपाखरूही नव्हतं.

विजयालक्ष्मीबाईंनी करोल बागेतल्या शाळेत सुहासिनीला बाराखडी शिकवली होती. लग्न केलं नाही, मागेपुढे कोणी नाही. आता त्यांना सकाळचा नाश्ता दुपारी आठवत नसे, पण शाळा सुटली नव्हती. हा आश्रम म्हणजेच शाळा, आणि इथली म्हातारी मंडळी म्हणजे दुसरी ब. जेवणाआधी त्या सगळ्यांचे हात तपासत, कोणाचं पाणी संपलं तर ओतून देत, घास अडकला तर पाठीवरून हात फिरवत. मंडळीही मुकाट्याने ऐकत. सुहासिनीला त्या आईच्या जागी होत्या. त्यांना पाठवून द्यायचं तिच्या मनात नव्हतं, म्हणून तर तपासणीपुरतं त्यांना मागे बसवलं होतं.

तपासणीला आलेली चेतना नावाची अधिकारी तरुण होती, आणि नव्या नियमांनी तिचाही गोंधळच उडवलेला दिसत होता. टॅबवर बोट फिरवत, मागे-पुढे जात ती एकेक खोली बघत आली. जेवणघरात बाई दुसरी ब मधल्या विश्वनाथरावांच्या हनुवटीवरचं वरण पुसत होत्या.

"ये कौन हैं?" चेतनाने विचारलं.

सुहासिनी लगबगीने पुढे झाली. विश्वनाथरावांनी मात्र अभिमानाने मान वर केली. त्यांचं सारं आयुष्य दिल्लीच्या सरकारी कचेरीत गेलं, तरी त्यांची हिंदी अजून मराठीचं बोट धरूनच चालायची.

"ये? ये हमारी बाई हैं!"

"अच्छा, अच्छा. कब से काम कर रही हैं?"

"पूरी ज़िंदगी," बाईंनीच उत्तर दिलं. "एक दिन भी नागा नहीं किया."

चेतनाने समाधानाने काहीतरी टिपलं. सुहासिनीच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. आपली बाई म्हणजे शिकवणारी. या मुलीच्या कानाला बाई म्हणजे झाडूपोछा करणारी. दिल्लीत जन्म काढल्यावर हे सुहासिनीला ठाऊक नसायला काय झालं? एका वाक्यात गैरसमज दूर झाला असता. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. खोटं तर कोणीच बोललं नव्हतं.

"हाथ दिखाओ," बाई चेतनाला म्हणाल्या.

चेतनाने गोंधळून दोन्ही हात पुढे केले.

"कल नाखून काटकर आना."

चेतनाला हसू फुटलं. "स्टाफ को ट्रेनिंग बढ़िया दी है, मैडम. लेकिन इनकी उम्र?"

"सत्तर से तो ऊपर..."

"फिर तो मुश्किल है. नए नियम में साठ के बाद स्टाफ नहीं रख सकते. इन्हें आज ही रिटायर करना पड़ेगा."

आगीतून फुफाट्यात! सुहासिनीने घाईने विचारलं. "फिर ये जाएँगी कहाँ? इनका कोई नहीं है."

चेतना टॅबमध्ये शोधत राहिली. एक नियम उघडला, त्यातून दुसरा निघाला, दुसऱ्याने परत पहिल्यावरच आणून सोडलं. शेवटी ती वैतागली.

"रिटायर्ड स्टाफ यहाँ रह सकता है या नहीं, ये कहीं लिखा ही नहीं है. और लिखा नहीं, मतलब मना भी नहीं. रहने दीजिए इन्हें. बस, काम मत करवाइए."

तिची गाडी गेल्यावर हसावं की रडावं हेच सुहासिनीला कळेना. विश्वनाथराव "चलो, काम फत्ते!" म्हणत होते, काय फत्ते झालं ते त्यांना कळलेलं नव्हतं. बाईंना मिठी मारायला ती वळली, तर बाई चपला घालून दाराशी उभ्या.

"बाई, कुठे निघालात?"

"ती म्हणाली ना, आज रिटायर. ऐकलं मी." बाईंचा आवाज शांत होता. "बरोबरच आहे गं, वय झालं. निरोप समारंभ तेवढा करू नका. मला रडू येतं."

"तसं काही नाही हो, बाई. तुम्ही इथेच राहायचं. बिल्कुल इथेच."

"शाळेत कोणी राहतं का, वेडे?" बाई हसल्या. "रिटायर झाल्यावर माणूस घरी जातो."

त्यांनी बाहेर पाहिलं. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. मग त्या सुहासिनीच्या अगदी जवळ आल्या आणि वर्गाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या,

"सुहासिनी, तुला माझं घर ठाऊक आहे का गं?"