देवकाबाईंचा पलंग

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्या साली सत्यशीलाची आरमोरीच्या शाळेत बदली झाली आणि देवकाबाईंच्या दोन खोल्या तिला सामानासकट भाड्यानं मिळाल्या. सामान म्हणजे दोन खुर्च्या, आरशाचं एक कपाट आणि पलंग. पलंग कसला, सागवानी किल्लाच! समोरची खोली त्यानं अशी बळकावली होती, की माणसानं भिंतीला पाठ घासत आडवं चालावं. आणि घरात पाळण्याची कडी एकच, तीही नेमकी पलंगाच्या वर, तुळईला.

नवरा जंगलखात्यात, भामरागडला. पदरात सहा महिन्यांची सुजाता. शाळेच्या वेळात तिला सांभाळायला ठमाबाई यायची. पोर त्या उंच पलंगावरून गडगडली, तशी ठमाबाईनं बजावलं, "पाळना टांगा, बाई. नाई तं दिवाळीनंतर मले जमनार नाई. उद्या पोरीले काही झालं तं मी तोंड कुठी लपवू?"

म्हणजे लेकराला मूल गावी आपल्या आईकडे ठेवून यायचं. दूध पिणारं लेकरू! सत्यशीला तडक घरमालकिणीकडे गेली.

"बाई, पलंग जरासा भिंतीकडे सरकवू का?"

"काऊन? त्यानं तुमचं का खाल्लं?" देवकाबाईंचा अडकित्ता थांबला नाही. "आमच्या मालकानं सुताराच्या डोक्यावर उभं राहून करवला तो. पाळना तिकडं सैपाकघरात टांगा."

"तिथली तुळई वाळवीनं खाल्लीय."

"मंग हातावर झुलवा. आमी नाई झुलवले?"

हसून, रुसून, दुसऱ्या दिवशी आंबिल नेऊन देऊनही बाई बधल्या नाहीत. पलंग जागचा हलणार नाही म्हणजे नाही.

धान कापून झाले, दिवाळी तोंडावर आली आणि गावात नाटकाची हवा भरली. शाळेतले केवळराम गुरुजी नाटक मंडळाचे चालक. मधल्या सुट्टीत ते कपाळाला हात लावून बसले होते. "जमीनदाराचा वाडा दाखवाचा हाय अन् पलंग नाई. मांगच्या साली आमचा जमीनदार सुतळीच्या खाटेवर मेला, अन् लोक हसून हसून मेले."

सत्यशीलाच्या हातातला खडू थबकला.

"गुरुजी, संध्याकाळी घरी या. पण पलंग मागू नका. नुसता बघा."

गुरुजी आले. पलंगाभोवती फिरायला जागा नव्हती, म्हणून उभ्या उभ्याच मान हलवत राहिले. दारात देवकाबाई होत्याच.

"नाई बा," गुरुजी उसासले, "चालनार नाई. लोक याच्याकडंच पाहत बसले तं नाटक कोन पाहीन?"

"तसंही तुम्ही मूलहून पलंग आणताय ना?" सत्यशीला साळसूदपणे म्हणाली.

"मूलचा पलंग?" देवकाबाई उसळल्या. "आरमोरीच्या नाटकात? गावातले सागवान सरले का?"

"पण बाई, हा तर जागचा हलवायचा नाही..."

"तुमी चूप बसा, मास्तरीनबाई! गुरुजी, बंडी आना. भोंग्यावर माह्यं नाव सांगाचं. अन् हे पाहा, माह्या पलंगावर कोनी मराचं नाई. मराचं असन तं खाली उतरून मरा."

दुसऱ्या दिवशी पाचरी निघाल्या, पलंगाचे भाग झाले आणि किल्ला बंडीत बसून गेला. खोली एकदम अंगणाएवढी दिसू लागली. सत्यशीलानं खुर्चीवर चढून गंजलेल्या कडीला तेल पाजलं, लोंबकळून तिचा जोर पाहिला आणि पाळणा टांगला. पहिल्याच झोक्याला सुजाता खुदकन हसली.

नाटकही रंगलं. जमीनदार मरता मरता धडपडत पलंगावरून उतरला, हात जोडून खाली निजला आणि मगच मेला. लोकांनी टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. सकाळी बंडी परत आली तेव्हा मागून निम्मं गाव. "हाच का हो तो पलंग?"

देवकाबाई लगबगीनं दार उघडून आत शिरल्या आणि थांबल्या. समोर पाळणा. पाळण्यात मुठी वळून निजलेलं लेकरू.

"निजलेल्या लेकराचा पाळना कोन सोडते, बाई?" ठमाबाई हळूच म्हणाली. "अन् पलंग आत कोंबला तं गाव पाहीन कसं?"

सत्यशीलानं पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

देवकाबाईंनी पाळण्याकडे पाहिलं, बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. मग बंडीवाल्यावर ओरडल्या, "पाहत का राह्यला? लाव वसरीत!"

दुपारपर्यंत पलंग ओसरीत ठाण मांडून बसला आणि पलंगावर देवकाबाई. येणाऱ्याजाणाऱ्याला सुपारी, वर जमीनदाराचं मरण. सत्यशीला शाळेतून परतली, तर त्यांनी बोटानं जवळ बोलावलं.

"मास्तरीनबाई, नाटक तं तुमी बी बेस करता हो."

सत्यशीलाचे कान गरम झाले. पण देवकाबाईंच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"आता पाळन्याले लांब दोरी बांधा. वसरीत माह्या हातापर्यंत येत नाई थे."