नाम घ्यायलाही श्वास लागतो

मोऱ्याच्या बंदरावर त्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं आणि बायका सकाळपासूनच सुकवणीच्या कामाला लागल्या होत्या. बांबूच्या वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगायचे, खाली चटईवर जवळा पसरायचा, कावळे हाकायचे आणि तोंडाने एकमेकींची चेष्टा चालू ठेवायची. साल अठ्ठ्याहत्तर, हिवाळ्याचे दिवस.

"सखू, जरा हात चालव गो. तुजं बोंबील सुकंपरत कावल्याच्या पोरांचं बारसं होल," थोरली जाऊ रखमा म्हणाली.

"होऊ दे. पालना तू गा. तुजा आवाज त्यांना घरचाच वाटंल."

वलांडीखाली हशा पिकला. सखूही हसली, आणि हसता हसता तिला खोकला लागला. सुक्या जवळ्याची धूळ आणि चुलीचा धूर यांचं तिच्या छातीशी जुनं वैर होतं. दमा होता. खोकला थांबला की ती पदराने तोंड पुसायची आणि पुन्हा कामाला लागायची.

सखूचा नवरा सुभाष दर्यात गेला तो परत आला नाही. घरात सासू भिमाबाई, थोरला दीर कमळाकर, रखमा आणि सखू. सखूचे हाल होते असं कुणी म्हणणार नाही. तिला जेवायला घालत, लुगडं घेत, सासू प्रसंगी तिच्या डोक्याला तेलही लावी. फक्त एक गोष्ट कुणी करत नसे. तिला काही विचारत नसत. ओटीवर बसून मासळी कुणाला विकायची ते ठरे, लग्नाला कोण जाणार ते ठरे, सखू दाराआड उभी राहून ऐके. विधवेने मत द्यायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं मत कपाळाच्या कुंकवाबरोबरच पुसलं गेलं होतं.

दुपारी जवळा गोळा करताना तिला श्वास मिळेना. ती खाली बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, गळ्याच्या शिरा ताणून. रखमाने तिला टांग्यात घातली, भिमाबाई कमरेची चंची सावरत शेजारी बसली आणि त्या तिघी उरणच्या एका लहानशा खाजगी दवाखान्यात आल्या. कमळाकर पहाटेच होडी घेऊन गेला होता.

डॉक्टर देवस्थळी तरुण होते. त्यांनी सखूचे निळे पडत चाललेले ओठ पाहिले, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, इंजेक्शन दिलं आणि कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे बोट दाखवलं.

"आजी, हिला आत्ता ऑक्सिजन हवा. आणि भरती आहे तोवर लाँचने मुंबईला हलवा. तिथल्या मोठ्या इस्पितळात श्वासाचं यंत्र असतं. माणूस दमून गेला तर ते त्याच्यासाठी श्वास घेतं."

"नली नको," भिमाबाई म्हणाली.

"अहो, ऑक्सिजनच्या नळीने तिला आराम पडेल."

"आमच्या म्हाताऱ्याला नली लावली, तो गेला. शेजारच्या घरात लावली, तोबी गेला. नली लागली का मानूस घरी येत नाय, दाक्तर. सगला बंदर जानतो."

खरंच सगळं बंदर तसं मानत होतं. आधी अंगारा व्हायचा, मग काढा, मग नातेवाइकांची वाट. अगदी शेवटच्या घटकेला माणूस दवाखान्यात यायचा, तेव्हा त्याच्या नाकाला नळी लागायची आणि थोड्या वेळात तो जायचा. उशीर कुणाच्या लक्षात राहत नसे. नळी राहत असे.

खाटेवरून आवाज आला. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा.

"लावा. माना... नली लावा."

डॉक्टरांनी तो ऐकला. रखमाने ऐकला. "ती सोता बोलतंय, दाक्तर," रखमा हळूच म्हणाली.

"तू गप," भिमाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "कुंकू पुसल्या बाईच्या तोंडी निवाडा नसतो गो. माज्या तरी कुठं होता?"

डॉक्टरांना वर्षापूर्वीचा दुसराच एक म्हातारा रोगी आठवला. त्याला नळी लावल्यावर तो गेला, तेव्हा त्याच्या घरच्या चार जणांनी येऊन दवाखान्याचं दार लाथांनी हलवलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "घरातलं पुरुष माणूस कोण?"

"माजा कमलाकर. दर्याव गेलाय."

"मग त्यांना येऊ द्या."

मुंबईत शिकून आलेल्या माणसाने, शुद्धीवर असलेली, तोंडाने मागणारी बाई समोर असताना, हे वाक्य उच्चारलं.

वाट पाहणं सुरू झालं. भिमाबाईने चंचीतून तुळशीचं पान काढलं, तांब्यातलं पाणी हातात घेतलं आणि आई लेकराला भरवते तशी सखूजवळ वाकली. "नाव घे पोरी. रामाचं नाव घे, जीव हलका होल." सखूने मान फिरवली. तिचा हात सिलिंडरच्या दिशेने लांब झाला. म्हातारीने तो हात हळुवारपणे धरला, तिच्या छातीवर ठेवला आणि पाणी ओठांत सोडलं. पाणी श्वासाच्या वाटेत गेलं. सखू ठसकली, आणि त्या ठसक्याने उरलासुरला दमही गेला.

कमळाकर आला तो गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखून. ओहोटी लागली होती, होडी लांबच लावून तो चिखल तुडवत आला होता. डॉक्टरांनी त्याला घाईने सगळं सांगितलं. त्याने खाटेकडे पाहिलं, मग आईकडे.

"आय म्हनंल तसं," तो म्हणाला.

आई म्हणाली, "तू घरचा मोठा. तू सांग."

तेव्हा डॉक्टर उठले आणि कुणालाही न विचारता सिलिंडरची चावी फिरवून नळीला जोडलेला मास्क सखूच्या तोंडावर बसवला. थोड्या वेळाने तिच्या ओठांवरचा निळेपणा किंचित ओसरला. तिने डोळे उघडून रखमाकडे पाहिलं. पण छातीचे स्नायू दुपारपासून राबून थकले होते, आणि त्यांना विसावा देणारं यंत्र खाडीच्या पलीकडे होतं. लाँच ओहोटीत धक्क्याला लागत नव्हती. दिवेलागणीच्या सुमारास सखूचा श्वास थांबला.

"बगा," बाहेर कुणीतरी म्हणालं, "नली लावली नि गेली."

बाराव्याला रामाच्या देवळात सीताराम बुवांचं कीर्तन ठेवलं होतं. बुवांची वाणी गोड, बंदरावर त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. कीर्तनाआधी कमळाकर त्यांच्या पाया पडला. "बुवा, देवानं तिला बोलावली असं सांगा. आय जेवत नाय."

दवाखान्यातली सगळी हकीकत बुवांना रखमाकडून आधीच कळली होती. ते उभे राहिले. मृदंगाची थाप पडली, झांजा वाजल्या, आणि बुवांनी हात वर करून त्या थांबवल्या.

"मायबाप, आज मला ते सांगता येत नाही," ते म्हणाले. "देवाने बोलावलं असतं, तर तिने 'लावा' म्हणून हात पुढे केला नसता. ती जगायचं म्हणत होती. जगायची इच्छा तिच्या उरात कुणी घातली? त्यानेच ना? मग देवाचं बोलणं तिच्या तोंडून येत होतं, आणि आपण पुरुष माणसाची वाट बघत बसलो. मी चाळीस वर्षं सांगत आलो, अंतकाळी नाम घ्या. आज त्याच्या पुढचं सांगतो. नाम घ्यायलाही श्वास लागतो. ज्याचा श्वास अडला त्याला आधी वारा द्या, मग नाम द्या. आणि श्वास ज्याचा, विचारायचं त्याला. विधवा असो, म्हातारी असो, सून असो."

कमळाकरने मान खाली घातली. बायकांच्या बाजूने भिमाबाई उठली, खांबाला धरून. तिला रडू येत नव्हतं. बारा दिवसांत ते आटलं होतं.

"बुवा, मी तिचा हात धरला," ती म्हणाली. "मायेनं धरला. आता सगल्यांच्या देखत सांगते. माजी येल आली का पोराला नका ईचारू. दाक्तरला नका ईचारू. माना ईचारा."

"आणि विचारलं तर काय सांगशील, माय?"

म्हातारीने खांबावरचा हात काढला.

"म्हाईत नाय," ती म्हणाली. "माना आजवर कोनी काय ईचारलंच नाय."