शंभर वापरांची प्लेट

वापर पहिला

"किल्ली फिरवली की प्लेटला प्लेट बसते. खिळा नको, तेल नको, माल चिकटत नाही. शंभर वापर, दादा! कंपनीची खात्री."

धाकट्याने ती करडी प्लास्टिकची प्लेट दादाच्या मांडीवर ठेवली, तान्हं मूल द्यावं तशी. मोडलेला पाय जुळून दादा दोन महिन्यांनी साइटवर आला होता. त्याने प्लेटकडे पाहिलं नाही. ज्या भिंतीला त्याच्या फळ्या उभ्या असायच्या, त्या भिंतीकडे पाहिलं.

"माझ्या फळ्या?"

"वीटभट्टीला दिल्या."

"सगळ्या?"

"कुजल्या होत्या रे."

तीस वर्षं दादा सेंट्रिंगचा मिस्त्री. फळ्या ठोकून साचा करायचा, त्यात काँक्रीटचा माल ओतायचा, माल घट्ट झाला की साचा सोडवायचा. प्रत्येक फळीवर त्याने पेन्सिलीने लिहिलेली मापं होती. कुजली एकही नव्हती.

"मला विचारलंस?"

"तू पडून होतास."

"पाय मोडला होता. कान शाबूत होते."

धाकटा हसला आणि त्याने बादली पुढे सरकवली. "आता तू बसून काम कर. प्लेटा धुवायच्या फक्त. हातोड्याची कटकट संपली तुझी."

ज्याला हातात हातोडा धरायला शिकवलं, त्याने हातात ब्रश दिला होता. दादाने तो घेतला आणि तोही हसला. धाकट्याला बरं वाटलं. माणसाने हसण्याला इतकं भुलू नये.

वापर चौथा

जिला खिळा नको, तिला दादाने खिळाच दिला. चहाच्या स्टोव्हवर लाल केला आणि प्लेटच्या आतल्या बाजूला, जिथे माल टेकतो तिथे, दोन अक्षरं कोरली. उलटी. साच्यात उलटं कोरलं की खांबावर सुलटं उमटतं, तेही फुगून, बोटाला लागेल असं.

चौथ्या दिवशी प्लेटा निघाल्या. मालक आला होता, मालकाची बायको आली होती. गुळगुळीत खांबावर डोळ्यांच्या उंचीला शब्द उभा होता:

चोर

"हे काय?" मालकाने विचारलं. "कोणासाठी आहे?"

धाकटा म्हणाला, "पोरांचा चावटपणा, साहेब." त्याचे कान लाल झाले होते. दादा बादलीत ब्रश बुडवत होता. त्या दिवशी त्याने दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

वापर पाचवा, सहावा, सातवा

चोर. चोर. जिन्याखाली चोर. धाकटा ग्राइंडर लावून घासायचा, पुढच्या खेपेला दुसऱ्याच खांबावर पुन्हा चोर. अक्षरं पुसता येतात हो, पण साच्याचं काय करायचं?

एका सकाळी त्याने चारशे प्लेटा उलट्यापालट्या करून पाहिल्या. घामाघूम होऊन दादासमोर उभा राहिला.

"मी एकदा पाण्याच्या टाकीच्या साच्यात बांधकामाचं साल कोरलं होतं. उलटं उमटलं. लोक वर्षभर हसत होते. आठवतं?"

"आठवतं. मी सगळ्यात जास्त हसलो."

"सुलटं उमटवणारा हात या धंद्यात एकच आहे, दादा. प्लेट दे."

"कुठली? मला म्हाताऱ्याला सगळ्या सारख्याच दिसतात. तुझीच तर हौस, सगळं सारखं."

दादा प्लेटा धुवायला बसायचा, ते एका पालथ्या प्लेटवर. ती उचलायचं धाकट्याला सुचलं नाही.

हाकलून द्यावं, तर आई विचारणार, "का?" का ते सांगायचं, तर फळ्यांपासून सुरुवात करावी लागणार. आईला वाटत होतं, दोघं मिळून धंदा करतात. ती धाकट्याकडे राहायची आणि येईल त्याला सांगायची, "माझ्या पोरांनी अर्धं गाव उभं केलंय."

तिथेच दादाला पुढची जागा सापडली. धाकट्याने स्वतःचं घर बांधायला काढलं होतं. त्या घरात, आईसमोर, त्याने तो शब्द स्वतःच्या तोंडाने वाचायला हवा. एवढंच. मग प्लेट भट्टीत गेली तरी चालेल, फळ्यांच्या मागोमाग.

वापर अकरावा

प्लेटा सोडवायच्या दिवशी दादा स्वतः आईला हाताला धरून घेऊन गेला. पाय अजून दुखत होता, तरी पुढे तोच चालत होता.

"इथं स्वयंपाकघर का रे?"

"इथं. हा खांब बघ, आई. हात लावून बघ."

आईला दिसायचं कमी आणि वाचता तर मुळीच यायचं नाही. तिने तळवा फिरवला, थांबली. एक बोट अक्षरांवरून नेलं.

"काहीतरी लिहिलंय."

"धाकट्याला विचार," दादा म्हणाला. "तो वाचून दाखवेल. मोठ्याने वाच रे."

धाकटा खांबाकडे बघत राहिला. कामगारांनी हात थांबवले. दादाने या घटकेची इतके दिवस वाट पाहिली होती, की त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

"दोन अक्षरं आहेत," आई म्हणाली. "दादा आहे का?"

धाकट्याने मान वर केली. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, अगदी दादाचंच हसू.

"हो, आई. दादाच लिहिलंय. बरोबर वाचलंस."

दादाने तोंड उघडलं. आई दोन्ही हातांनी खांब चाचपत होती.

"माझ्या घरात थोरल्याचं नाव घातलंस," ती धाकट्याला म्हणाली. "यावर गिलावा करायचा नाही. सांगून ठेवते."

"नाही करणार," धाकटा म्हणाला. दादाच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "जन्मभर तसंच राहील."

वापर बारावा झाला नाही

सगळ्या घराला गिलावा झाला, रंग झाला. स्वयंपाकघरातल्या खांबावर वहीच्या पानाएवढा चौकोन तेवढा उघडा राहिला. आई रोज फडक्याने पुसते. दादा भेटायला आला, की त्याला तिथेच बसवते.

"मला शिकव," ती एकदा म्हणाली. "एवढं तरी वाचता यायला हवं. हे पहिलं काय?"

आत धाकटा जेवत होता. त्याचा घास थांबल्याचं दादाला ऐकू आलं.

"दा," दादा म्हणाला.

"आणि हे?"

"दा."

आईचं बोट मागे गेलं, पुढे आलं, पुन्हा मागे गेलं.

"दोन्ही दा, मग सारखे का नाहीत?"

दादाने आतल्या दाराकडे पाहिलं.

"एक थोरल्याचा आहे, आई," तो म्हणाला. "एक धाकट्याचा."

"असं होय," आई म्हणाली. तिने त्याचं बोट धरलं आणि अक्षरांवर ठेवलं. "म्हण माझ्याबरोबर."