टाकीतली रेकॉर्डिंग

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. गाव अजून तालुक्याचं बी न्हाई, पण मागणी हाय जिल्ह्याची. समितीचे अध्यक्ष अमृतराव म्हणतात, जिल्हा मागितला तर निदान तालुका तरी पदरात पडंल. भाजीवालीशी घासाघीस करावी तसं. त्यासाठी साखळी उपोषण बी झालं, दुपारच्या जेवणाला सुट्टी घेऊन.

जिल्ह्याच्या गावाला शोभंल अशी टाकी पाहिजे म्हणून एक मोठी गोल टाकी बांधली. कोनशिला बसली, फिती कापल्या, फोटो झाले. पाणी तेवढं यायचं राहिलं. वरून गेल्या साली दुष्काळ. तिकडं लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलं अन् इकडं आम्ही बाया घागरी घेऊन टँकरच्या मागं.

माझा धाकटा भाऊ गुंडप्पा, भांड्याचा दुकानदार. त्याची पोरगी उमादेवी पुण्यात सॅक्सोफोन शिकली. अगदी शास्त्रोक्त, पण शास्त्र विलायती. गुंडप्पा चारचौघांत 'पोरगी कॉमर्सला हाय' म्हणून सांगायचा, कारण आमच्याकडं तो वाजा वरातीत घोड्यापुढं असतो. दुकानदाराची पोर बँडात गेली म्हणलं तर दुकानात तोंड दाखवायची लाज.

त्या उन्हाळ्यात उमी आली ती तिची पहिली रेकॉर्डिंग डोक्यात घेऊन. तिच्या बरोबरीच्या पोरांनी नव्यानं लिहिलेलं संगीत. मी ऐकलं. चाल न्हाई, ठेका न्हाई. मधीच एक सूर धरायची ती सोडायचीच न्हाई, धाप मला लागायची. म्हणलं, "उमे, ह्याच्यावर नाचायचं कसं?"

"आत्या, नाचायचं न्हाई. ऐकायचं." बघा बाई!

एक दिवस ती सहज त्या टाकीत उतरली, एकदा फुंकलं, अन् शिडीवरनं वर आली ती डोळे पुसतच. म्हणली, असा आवाज कुठल्याच स्टुडिओत न्हाई, आपण सूर सोडला तरी टाकी धरून ठेवती. तिनं लगेच नांदेडहून रेकॉर्डिंगवाल्या हणमंतला मशीन घेऊन बोलावलं.

अमृतरावांनी परवानगी दिली, पण आधी सत्कार. नारळ, शाल, हार, पेपरवाला, सगळं टाकीच्या आत! भाषण करायला लागले तर स्वतःचाच आवाज घुमून राहिलेला. माणूस एवढा खूश झाला की बाहेर निघेना. हणमंत मशीन बंद करून कपाळाला हात लावून बसला. मग कुठं उमीचं सुरू झालं. संध्याकाळपर्यंत सगळं झालं, शेवटचं एक वाजवणं सकाळवर राहिलं.

सकाळी पेपरात छापून आलं, 'कोरड्या टाकीत घुमला सॅक्सोफोन'. अमृतराव धावत माझ्या दारात.

"अक्का, आज जिल्ह्याच्या पाहणीला साहेब येऊन राहिलेत, अन् तुमच्या पोरीनं टाकी कोरडी हाय म्हणून जगाला सांगितलं!"

"जगाला आज कळलं," मी म्हणलं. "आम्हाला कवाचंच ठाऊक हाय."

दहा वाजायच्या आत टँकरची रांग लागली. साहेब यायच्या आधी टाकी भरायची म्हणे. सगळ्या बाया घागरी घेऊन पळत आल्या. हणमंतला दुपारी दुसरीकडं लग्नाचं काम, अन् ऐन सराईत तो काही परत यायचा न्हाई. टाकी एकदा भरली की शेवटचं वाजवणं गेलं, म्हणजे उमीची सगळी रेकॉर्डच गेली. उमी शिडीवर उभी राहिली, बायांकडं बघितलं, घागरींकडं बघितलं.

"भरू द्या, आत्या," म्हणली. "पाणी हाय ते." अन् तोंड फिरवलं.

मी जाऊन टँकरच्या पाईपवर फतकल मारून बसले. म्हणलं, पोरगी वाजवंल, मग पाणी.

लक्ष्मम्मा, आमची शेजारीण, अंगावरच आली. "तुझ्या भाचीच्या फुंकण्यापायी आम्ही तहानेनं मरावं काय गं?"

"लक्ष्मम्मा, किती उन्हाळे बोंबललीस तू. आलं पाणी? पोरीनं एक दिवस फुंकलं अन् एवढे टँकर आले. मग पाणी आणलं कुणी?"

लक्ष्मम्मानं विचार केला. घागर खाली ठेवली अन् मांडी घालून बसली. तिच्या मागं सगळ्या बसल्या. अमृतराव "बंधू-भगिनींनो" म्हणायला लागले तर लक्ष्मम्मा म्हणली, "गप बसा हो, पोरगी वाजवून राहिली."

उमी आत उतरली. तोच तो लांब सूर आला, टाकीतनं वर, आमच्या डोक्यावरनं. बांगडी वाजली न्हाई कुणाची. मला काही कळलं न्हाई, पण मधी उठावंसं वाटलं न्हाई, हे खरं. टँकरच्या ड्रायव्हरनं विचारलं, कोण वाजवतंय? गुंडप्पा दुकान टाकून आला होता. म्हणला, "माझी पोरगी हाय. सॅक्सोफोन शिकलेली."

मग टाकी भरली. साहेब आले, पाणी बघितलं, फोटो काढले, गेले. टँकर बी गेले ते परत फिरकले न्हाईत. जिल्हा न्हाई, तालुका बी न्हाई. उमीची रेकॉर्ड निघाली, लांबलांबच्या लोकांनी वाखाणली म्हणतात. गावात कुणी ऐकली न्हाई.

यंदाच्या उन्हाळ्यात टाकी परत ठणठणीत. सकाळी दार उघडलं तर अंगणात गावच्या बाया, हातात रिकाम्या घागरी.

"बसम्मा," लक्ष्मम्मा म्हणली, "उमीला फोन लाव. दुसरी रेकॉर्डिंग कवा हाय?"

मी लावला. उमीला सांगितलं, बाया विचारून राहिल्यात. ती हळूच म्हणली, "आत्या, खरंच? एवढं आवडलं त्यांना?"

मी घागरींकडं बघितलं.

"लई आवडलं," म्हणलं. "सगळं गाव वाट बघून राहिलंय. लवकर ये."