मागू देऊ नको

बडनेऱ्याचा बाजार करून दोघं नवरा-बायको गावात शिरले. भगवंतराव पाटलांचं दार आलं आणि देवमनने वाकून चपला काढल्या, काखेत मारल्या, मान खाली घालून अनवाणी चालू लागला. डोक्यावरची पाटी सावरत मैनाबाईने त्याच्यामागे पाऊल उचललं.

पूर्वी त्यांच्या माणसांना त्या दारावरून असंच जावं लागे. पण नऊ वर्षांमागे नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर याच गड्याने महारकीची काठी चुलीत घातली होती. गावकीची कामं करायची आणि घरोघर शिळी भाकर मागायची, ते सारं त्याने सोडलं. गावाने डोळे वटारले, तर हा पठ्ठ्या त्याच दारावरून मुद्दाम चपला वाजवत जायचा. आज ओसरीवरचे पाटील गालात हसले. त्यांना काय, फुकटचा तमाशा!

घरी येऊन तिने भीतभीत विचारलं, "धर्मपालचे बाबा, चपला काहून काढल्या?"

"म्या? याड लागलं का तुले?"

तिने त्याच्या पायांची धूळ दाखवली. त्याचा चेहरा उतरला. तो हाताने तळपाय पुसू लागला.

"मैना, मले बी समजून राह्यलं. कालचं जेवन आठवत नाई, अन् लहानपनीचा मार आठवते."

"अकोल्याले पोराकडे जाऊ. डाक्टरले दाखवू."

"दाखव. पन एक आयक. मले मरनाचं भेव नाई. मी असा मांगं मांगं चाललो, तं कुठी जाऊन पोचीन, मालूम हाय ना तुले?"

मालूम होतं.

"मी कोनाच्या दारात उभा राह्यलो, तं मले वढून आन. कोंडून ठेव. पन मागू देऊ नको."

"नाई देत मागू," ती म्हणाली. बोलायला काय जातं! जीव मात्र टांगणीला लागला तो लागलाच. त्या दिवसापासून तिने त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. शेजारणी विचारत, तेव्हा गुडघे धरले आहेत म्हणून सांगायची. अकोल्याला धर्मपालकडे बोलावणं गेलं होतं. तो येईपर्यंत निभावलं की झालं.

पण पाण्याला तर जावंच लागे. एका सकाळी ती विहिरीवरून आली तो दार सताड उघडं. घागर तिथंच टाकून ती पळत सुटली, थेट पाटलांच्या दारी. तिथे तो नव्हता. देवळापाशी नव्हता. धापा टाकत घरी परतली, तर हा आपल्याच अंगणात, दारापासून चार हात लांब, उपरण्याचा पदर पसरून उभा.

"जोहार, माय! गावचा म्हार आला. भाकर वाढा."

"अवो, मी मैना! घर तुमचंच हाय, आत या."

"नाई माय, घर बाटन."

तिने हात धरायला पाऊल टाकलं. त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि आक्रसून खाली बसला. "मारू नका, माय. चुकलं."

मैनाबाईने हात मागे घेतला. ओढून कसं आणायचं? हात लागायच्या आधीच हा मेल्याहून मेल्यासारखा होत होता.

"पाटलाच्या दारी जातो मंग," म्हणत तो उठला आणि वळला.

"थांब रे!" ती ओरडली. जन्मात पहिल्यांदा तिने नवऱ्याला अरेतुरे केलं. आवाज हुबेहूब पाटलीणबाईचा निघाला, आणि त्या आवाजाची तिची तिलाच भीती वाटली. तो मात्र जागच्या जागी थांबला.

तिने आतून सकाळचीच ताजी भाकर आणली. हातात द्यायला गेली, तसा तो मागे सरकला. पुन्हा दिली, पुन्हा सरकला. नजर त्याची रस्त्याकडे. शेवटी तिने हात उंच केला आणि भाकर वरून त्याच्या पदरात टाकली.

त्याने ती कपाळाला लावली.

"तुमचा धनी शंभर वर्सं जगो, माय," तो म्हणाला, आणि अंगणाच्या कडेला, तिच्याकडे पाठ करून, खायला बसला.