नवाचा बाक

लॉन्ड्रीतल्या काकूंचा देवावर भरवसा होता, कपड्यांवरही होता. फक्त चष्म्यावर नव्हता. इस्त्री होऊन आलेल्या कपड्याच्या कॉलरमागची, नाहीतर कडेला शिवलेली कापडी चिठ्ठी वाचायची आणि तो त्या आकड्याच्या खणात ठेवायचा, हे काम त्या लग्न होऊन आल्यापासून करत होत्या. वाफेत तोंडाने भजन चालू, हात आपले खणांकडे.

अलीकडे घोटाळे होऊ लागले. चिठ्ठीवरचे आकडे बारीक, त्यात धुऊन धुऊन पुसट. नवाच्या डोक्याजवळचा बाक विरला की तो सरळ एक दिसे. त्यापायी एका काटकुळ्या मास्तरांकडे पहिलवानाची विजार गेली आणि पहिलवानाने मास्तरांचा सदरा अंगात घालून पाहिला. त्याची बटणं अजून सापडताहेत.

शेवटी पुतण्याने, म्हणजे मालकाने, विषय काढलाच. सोमवारपासून काकूंनी घरी आराम करावा, असं तो फार गोड शब्दांत म्हणाला. काकूंचं भजन थांबलं, आणि इस्त्रीवाल्यांच्या हातांचा ताल चुकला.

चिठ्ठ्या संगणकावर छापायची ती मालकाची बायको, काकूंची सूनबाई. ती नवऱ्याला म्हणाली, "काकूंना कशाला बदलता? नऊ बदलू या."

तो हसला. ती कामाला लागली. चिठ्ठ्यांचा फॉन्ट फुकट मिळालेला, त्यात बदल करायची मुभा असलेला. मूळ फाइल तिने जपून बाजूला ठेवली आणि तिची प्रत अक्षरं घडवायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. नऊ पडदाभर मोठा झाला. त्याच्या कडेने ठिपके होते. ठिपका ओढला की रेघ मळलेल्या कणकेसारखी वळत होती. तिने बाक रुंद केला, आतली पोकळी वाढवली. तेव्हा नऊ शेजारच्या आकड्याच्या मांडीवर जाऊन बसला, म्हणून त्याला दोन्ही अंगांना जागा करून दिली. बाकीच्या अक्षरांना बोटही लावलं नाही. काकू स्टूल ओढून शेजारी बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं एकच, "अजून थोडं पोट सोड गं त्याचं."

शनिवारी मालकासमोर चिठ्ठी छापली, तर नऊ जसाच्या तसा! तोच जुना, अंग चोरून बसलेला. पुन्हा छापली, पुन्हा तोच. मालकाच्या भुवया पुष्कळ बोलल्या. काकू उठल्या आणि खुंटीवरची आपली पिशवी काढू लागल्या.

"काकू, बसा जरा," सूनबाई म्हणाली. तिने फॉन्टचा परवाना उघडला. पहिल्या दिवशी तिने त्यावरून नुसती नजर फिरवली होती. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: खुशाल बदला, पण बदललेल्याला आमचं नाव लावू नका, नवं ठेवा. आणि हिने तर नव्या लेकराला जुन्याचंच नाव दिलं होतं! त्या नावाचा जुना फॉन्ट संगणकात आधीपासून ठाण मांडून बसलेला. हाक मारली की तोच ओ देत होता. कीर्तनात बुवा सांगतात, मनापासून नाम घ्या, देव धावत येतो. खरंच आहे, पण नामच दुसऱ्याचं घेतलं तर बिचाऱ्या देवाने कुणाच्या दारी जावं?

तिने नाव बदललं, नवा फॉन्ट संगणकात बसवला आणि चिठ्ठी छापली. कापडावर नऊ उमटला तो चांगला मांडी ठोकून, पोट सुटलेला.

नव्या चिठ्ठ्या जुन्या चादरींना शिवल्या, चादरी मशीनमध्ये गरगर फिरवल्या, इस्त्रीखालून काढल्या. काकूंनी पहिली चादर उचलली आणि मुद्दाम चष्मा कपाळावर सरकवला. "नऊ," त्या म्हणाल्या. मग दुसरी. "हा एक." एकेक चादर आपापल्या खणात गेली. मालक मागून प्रत्येक खण तपासत गेला आणि शेवटच्या खणापाशी हसायलाच लागला. अर्ध्या वाटेवर कधीतरी भजन सुरू झालं होतं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

सोमवारी सूनबाई बाहेर गेली होती, म्हणून चिठ्ठ्या छापायला मालक बसला. फॉन्टच्या यादीत नवा फॉन्ट शोधताना तो थबकला, मग मान वळवून खणांकडे पाहू लागला. तिने फॉन्टचं नाव ठेवलं होतं 'काकू'.

"बघतोस काय?" खणांपाशी उभ्या काकू म्हणाल्या. "नाव घे आणि छाप."