पुराच्या फितीतला ऑरिन

"पोरांनो, पुन्हा एकदा होडीत चढा, आणि या खेपेला जरा रडवेलं तोंड करा!" बातमीपटवाल्याचा तो आवाज व्हर्नाच्या कानांत पन्नास वर्षं होता. आज गावच्या वाचनालयात ओहायो नदीच्या पुराची ती जुनी फीत लागली, आणि पडद्यावर तिचा धाकटा भाऊ ऑरिन रडायचं सोडून फिदीफिदी हसत होडीत चढला.

"बघा वन्सं, तुमचं माकड!" शेजारी बसलेली त्याची बायको डेला म्हणाली. "लढाईवरही असाच हसत गेला. माझ्यासाठी एक टिपूस काढलं नाही, आणि परत आलाच नाही."

व्हर्नानं तिचा हात धरला. "डेला, त्यानं मला शपथ घातली होती गं. त्या सकाळी गोठ्यात तो तासभर रडला, तुझं नाव घेऊन."